पडला आणि पडतोय

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये उंचावरून पडण्याबद्दल एक छोटासा परिच्छेद आहे. दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, जास्तीत जास्त वीस फासे, येईल तेवढी इजा, आणि पात्र जमिनीवर आडवं. संपलं. पडायला किती वेळ लागतो, याचा त्यात उल्लेखच नाही. या नियमाला ‘पडला’ माहीत आहे, ‘पडतोय’ माहीत नाही.

एरवी त्याने काही अडत नाही. खड्डा, छप्पर, घोडा... वीस-तीस फुटांत ‘पडतोय’ला जागा कुठे असते? पण आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री हा खेळ खेळतो. त्यात डीएम मी असतो, म्हणजे गोष्ट सांगायची, राक्षस चालवायचे आणि नियमांचा निवाडा करायचा, हे माझं काम. त्यातल्या एका शनिवारी माझ्या टेबलावरची अख्खी टोळी तीन हजार फुटांवरून खाली निघाली.

आम्ही ‘होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन’ खेळत होतो. त्याचा शेवट ढगांतून उडणाऱ्या एका किल्ल्यावर होतो आणि त्या किल्ल्यात एक पांढरा ड्रॅगन राहतो. आमच्या खेळात मारामारीच्या भरात किल्ला कलंडला. पाच खेळाडूंची पाच पात्रं आणि मुदपाकखान्यातून त्यांनी सोडवून आणलेला एक पोरगा असे सहा जण बाहेर फेकले गेले. मागोमाग ड्रॅगन.

अशा वेळी २०१७चं ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ कामाला येतं. त्यातला ऐच्छिक नियम सांगतो की पडल्या क्षणी पाचशे फूट खाली जायचं आणि नंतर आपल्या प्रत्येक टर्नच्या शेवटी आणखी पाचशे. खेळातला एक राउंड सहा सेकंदांचा. सवयीने मी गणित करून पाहिलं. पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग हवेच्या विरोधामुळे सेकंदाला साधारण ५५ मीटरवर स्थिरावतो. त्या हिशेबाने पहिल्या सहा सेकंदांत तो दीडशे मीटर, म्हणजे जवळपास पाचशे फूट पडतो. नियम बरोबर! पण पुढच्या सहा सेकंदांत तो हजारेक फूट जायला हवा. नियम त्याला पाचशेच जाऊ देतो. खऱ्या जगात तीन हजार फूट पडायला वीस-एकवीस सेकंद पुरतात, इथे पाच टर्न मिळतात.

भौतिकशास्त्राच्या पेपरात याचे गुण कापले जातील. मला मात्र ही चूक या नियमाची सगळ्यात चांगली बाजू वाटते. ‘पडतोय’ला वेळ मिळतो तो तिच्यामुळेच. पाच टर्न म्हणजे प्रत्येकाला पाचदा काहीतरी ठरवता येतं, आणि सहावी वेळ येणार नाही हेही प्रत्येकाला आधीच माहीत असतं.

पुस्तक अडखळतं ते ड्रॅगनपाशी. प्रौढ पांढऱ्या ड्रॅगनचा उडण्याचा वेग टर्नला ८० फूट, दुसरं काहीही न करता फक्त उडत राहिला तर १६०. पडणारा माणूस ५००. म्हणजे नियम शब्दशः पाळला तर हातपाय झाडत पडणारा माणूस ड्रॅगनला सहज मागे टाकेल! कोंबडीच्या पिल्लावर झडप घालताना घार जे करते, ते करायची सोय या पुस्तकाने ड्रॅगनला ठेवलेली नाही.

मी उपाय केला तो असा. सगळे सारख्याच वेगाने पडतायत, म्हणजे एकमेकांच्या दृष्टीने ते स्थिरच आहेत. मग नकाशा हलवायचाच कशाला? चौकटींच्या कागदावर सहा सोंगट्या ठेवल्या. ड्रॅगनने पंख मिटले की तोही त्यांच्याबरोबर पडतो, आणि त्याचे ८० फूट त्यावर वेगळे मोजायचे. सगळे जण तरंगत असल्यासारखे लढत होते. फक्त शेजारच्या व्हाइटबोर्डवरचा आकडा दर राउंडला मी पुसून नवा लिहीत होतो. २५००, २०००, १५००. नकाशावर जमीन कुठेच नव्हती, ती त्या आकड्यात होती. हळूहळू सोंगट्यांकडे कमी आणि बोर्डाकडे जास्त लक्ष जायला लागलं. हजारावर ड्रॅगनने पंख उघडले आणि तो निघून गेला. त्यालाही बोर्ड वाचता येत होता.

आता उरला ‘फेदर फॉल’. आमच्या विझार्डकडे हा मंत्र एकदाच वापरण्यापुरता शिल्लक होता. साठ फुटांच्या आतल्या पाच जणांना तो पिसासारखं खाली आणतो, राउंडला साठ फूट, एक मिनिटभर. म्हणजे एकूण सहाशे फूट. वर असतानाच वापरला, तर मधेच संपतो आणि पुन्हा पडणं सुरू. त्यामुळे पाचशेच्या आकड्यापर्यंत थांबणं भाग होतं. आणि पाच जण. पडत होते सहा.

विझार्ड खेळणाऱ्या मैत्रिणीने हे गणित माझ्या आधी केलेलं होतं. बोर्डावर ५०० आलं तेव्हा तिने पाच नावं घेतली. त्यात तिचं नव्हतं. पाचवा होता मुदपाकखान्यातला पोरगा. तिचे ३८पैकी ११ हिट पॉइंट उरले होते आणि वीस फाशांची सरासरी बेरीज होते ७०. टेबलावर कुणी बोलेना.

मी घाबरलो. म्हणालो, “खाली तळं आहे. दहाच फासे टाकू.” दोन हजार फुटांवर असताना खाली खडकाळ माळ दिसतोय, असं मीच सांगितलं होतं. तिचं पात्र शुद्ध हरपून पाण्यात पडलं, बाकीच्यांनी तिला बाहेर काढलं, ती वाचली. कुणी टाळी वाजवली नाही.

खेळ आवरताना ती म्हणाली, “मग मी पाचच नावं कशाला घेतली? सहा घेतली असती तरी तू चालवून घेतलं असतंस.”

‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये डीएमला पडद्याआड फासे टाकून निकाल थोडा वाकवायची मुभा आहे. गोष्ट नियमांपेक्षा मोठी, असं त्यामागचं म्हणणं. बहुतेक वेळा मलाही ते पटतं. एखाद्या गॉब्लिनचा वार हुकवला तर कुणाचं काही जात नाही, कारण त्या वाराच्या भरवशावर कुणी काही ठरवलेलं नसतं. बोर्डावरच्या आकड्याचं तसं नव्हतं. त्याच्या भरवशावर पाच जणांनी पाच टर्न खर्च केले होते आणि एकीने जीव द्यायचं ठरवलं होतं. मी फासा वाकवला नाही, जमीन सरकवली. पडण्याच्या लढाईत बाकी सगळं डीएमने बनवावं, वेग चुकीचा घ्यावा, ड्रॅगनला घार करावं. पण एकदा सांगितलेली जमीन सांगितली तिथेच असली पाहिजे. ती हलली, तर हवेत घेतलेला प्रत्येक निर्णय खोटा ठरतो.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांना विचारून बोर्डावर पुन्हा ५०० लिहिलं. तिने तीच पाच नावं घेतली. आमच्याकडे वीस फासे नव्हते, लुडोच्या डब्यातले धरून अकरा झाले. तिने ते दोन हप्त्यांत टाकले. बेरीज ६४ आली. तिने स्वतःच मांडणी केली, मान हलवली आणि शीट घडी करून माझ्याकडे दिली.

मग कोरी शीट मागून घेतली. नवीन पात्र म्हणून तिला तो मुदपाकखान्यातला पोरगा हवा होता. मी त्याला नावच दिलेलं नव्हतं. तिने सगळ्यात आधी ते लिहिलं.