सेंद्रिय संयुगांची ओळख : रासायनिक चाचण्या व वर्णपट यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागातील सिटी सेंट्रल लायब्ररी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांमुळे परिचित आहे. हैदराबाद हे औषधनिर्मितीचेही मोठे केंद्र आहे. त्यामुळे तेथे अभ्यास करणारा रसायनशास्त्राचा पदवीधर उद्या एखाद्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत रुजू होऊ शकतो. पिंपातील द्रव लेबलावर लिहिलेलाच आहे काय, हे त्याला तेथे ठरवावे लागते. पदवी वर्गातील प्रात्यक्षिक त्याला या कामासाठी कितपत तयार करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन ग्रंथ, एक गृहीतक

आपल्या प्रात्यक्षिकांवर दोन ग्रंथांचा ठसा आहे. पहिला आर्थर व्होगेल यांचा 1948 मधील प्रायोगिक सेंद्रिय रसायनशास्त्राचा ग्रंथ आणि दुसरा सिल्वरस्टीन व बास्लर यांचा 1963 मधील वर्णपटांद्वारे संयुगे ओळखण्यावरील ग्रंथ. व्होगेलच्या पद्धतीत पदार्थ शुद्ध करणे, द्रवणांक किंवा उत्कलनांक पाहणे, मूलद्रव्ये व क्रियात्मक गट शोधणे आणि शेवटी साधित तयार करून खात्री करणे, असा क्रम आहे. महाविद्यालयीन प्रयोगवहीत यातील मधला भाग तेवढा उरला. शुद्धीकरण वेळेअभावी वगळले गेले आणि साधित अनेकदा कागदावरच तयार होते. दुसऱ्या ग्रंथातील कोडीही शुद्ध संयुगाचे वर्णपट देऊनच सोडवायला सांगतात. अशा रीतीने नमुना एकाच संयुगाचा आहे, हे गृहीतक विद्यार्थ्याच्या मनात न सांगता पक्के होते. दोष ग्रंथांपेक्षा त्यांच्या संक्षेपात अधिक आहे.

मुंबईतील घटना

या गृहीतकाची किंमत काय असू शकते, हे 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये 18.5 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमला गेला.

आता हाच नमुना पदवी वर्गाच्या टेबलावर ठेवून पाहावा. पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवताच ॲक्रोलिनचा उग्र वास येईल. बोरॅक्स व फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग नमुना घालताच जाईल आणि तापवल्यावर परत येईल. विद्यार्थी 'ग्लिसरॉल' असे लिहील, परीक्षक पूर्ण गुण देईल. दोन्ही चाचण्यांनी उत्तर खरेच दिले, कारण नमुन्यात ग्लिसरॉल होतेच. 'ग्लिसरॉल आहे काय?' हा प्रश्न विचारला गेला; 'आणखी काय आहे?' हा विचारलाच गेला नाही. शेजारी हायड्रॉक्सिल नसलेले डायएथिलीन ग्लायकॉल बोरॅक्स चाचणी देत नाही. पण मिश्रणात त्याचे हे मौन ऐकू येत नाही.

वर्णपटाची मर्यादा

यावर 'उपकरण आणा' हे उत्तर पुरेसे नाही. दोन्ही द्रवांच्या अवरक्त वर्णपटांत 3300 सेंमी⁻¹ च्या आसपास रुंद हायड्रॉक्सिल पट्टा आणि 1000 ते 1150 च्या दरम्यान कार्बन-ऑक्सिजनचे पट्टे येतात. ग्लायकॉलचा ईथर पट्टा त्याच गर्दीत मिसळतो. शुद्ध नमुन्याच्या वर्णपटाशी ताडून पाहणाऱ्याला मोठी भेसळ जाणवेल, एखादा टक्का मात्र निसटेल. कार्बन-13 च्या एनएमआर वर्णपटात दोनऐवजी चार रेषा दिसतात, पण त्या मोजायच्या असतात हे आधी शिकवलेले असावे लागते. अमेरिकन औषधकोशातील मर्यादा तर 0.10 टक्के आहे. तेथे घटक वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी.

म्हणून जुन्या चाचण्या टाकाऊ ठरत नाहीत. शुद्ध ॲस्पिरिन फेरिक क्लोराइडला जांभळा रंग देत नाही. दमट हवेत विघटित झालेले ॲस्पिरिन त्यातील थोड्याशा सॅलिसिलिक आम्लामुळे देते. ही अल्प अशुद्धी अवरक्त वर्णपटात सहसा नजरेस येत नाही, परीक्षानळीत मात्र दिसते. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद त्यामुळे निरर्थक आहे. प्रत्येक पद्धत कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे समजणे महत्त्वाचे.

निष्कर्ष

साधने कमी असलेल्या महाविद्यालयातही हा बदल शक्य आहे. वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यास न सांगता मिश्रण द्यावे. सिलिका पट्टीवर ज्ञात नमुन्यांशेजारी अज्ञात नमुना चालवून ठिपके मोजायला लावावेत. डायएथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने तोंडाने पिपेट ओढू देऊ नये. उपकरण नसल्यास छापील वर्णपट वाचायला द्यावेत. निष्कर्षाखाली 'या चाचण्यांनी काय सिद्ध होत नाही' असा एक रकाना ठेवून त्यालाही गुण असावेत.

1986 नंतर हा प्रश्न संपला असता, तर ही चर्चा केवळ इतिहास ठरली असती. परंतु 2022 मध्ये गॅम्बियात आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधांशी निगडित बालमृत्यू झाले आणि पुन्हा डायएथिलीन ग्लायकॉलचेच नाव पुढे आले. औषधाच्या बाटलीपर्यंत पोहोचणाऱ्या साखळीत कोठेतरी एक रसायनशास्त्राचा पदवीधर उभा असतो. त्याने कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याला वर्गातच शिकवले गेले पाहिजे.