बुराडी घाटावरचे उत्तर : भाऊसाहेबांच्या बखरीतली दिल्ली आणि तिची भाषा



दत्ताजी शिंद्यांचे शेवटचे उद्गार महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. बुराडी घाट, संक्रांतीचा दिवस, १० जानेवारी १७६०. अब्दालीची आणि रोहिल्यांची फौज यमुना उतरते आहे, दत्ताजी गोळी लागून पडले आहेत. नजीबखानाचा गुरू कुतुबशहा जवळ येऊन खिजवणारा प्रश्न विचारतो. दत्ताजी मरता मरता उत्तर देतात. ते उत्तर तुम्ही चित्रपटात ऐकले असेल, पोस्टरवर वाचले असेल.

ते मराठीत नाही. हिंदुस्तानीत आहे.

मराठी शौर्याचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य मराठी नाही, ही गोष्ट नजरेसमोर असूनही आपल्याला दिसत नाही. या टिपणात तिच्याकडेच पाहायचे आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, इतिहास हा माझा पेशा नाही. पण दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला बुराडी हे बसच्या पाटीवरचे नाव असते, आणि वर्गात हरियाणा, बिहार, केरळ अशा सगळीकडची मुले असतात. 'मराठे दिल्लीत काय करत होते?' हा प्रश्न टाळता येत नाही.

हा संवाद आपल्यापर्यंत आला तो भाऊसाहेबांच्या बखरीतून. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बखर म्हणजे गद्यात लिहिलेली ऐतिहासिक हकिकत. 'खबर' या शब्दापासून तो शब्द झाला असे बरेच अभ्यासक मानतात. ही बखर पानिपतानंतर थोड्याच वर्षांत लिहिली गेली आणि कृष्णाजी शामराव याच्या नावावर ती सांगितली जाते. उत्तरेतल्या मोहिमा, कुंभेरीचा वेढा, बुराडी आणि १४ जानेवारी १७६१ चे पानिपत हा तिचा विषय. काशीनाथ नारायण साने यांनी ती छापून प्रसिद्ध केली.

तिच्याकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. एक, ती जशीच्या तशी खरी मानणे. तसे करू नका. फौजेचे आकडे बखरीत फुगतात, घटनांचा क्रम हलतो, आणि जिथे कारण सापडत नाही तिथे दैव येते. दुसरा मार्ग, ती भाकडकथा म्हणून बाजूला ठेवणे आणि फक्त पत्रे वाचणे. त्यात तारखा बरोबर मिळतात, पण एक मोठी गोष्ट हातची जाते. दत्ताजी नेमके तेच शब्द बोलले का, हे सिद्ध करणे अवघड आहे. पण बखरकाराने ते शब्द त्यांच्या तोंडी हिंदुस्तानीतच ठेवले आणि त्यांचे मराठी भाषांतर देण्याची त्याला गरज वाटली नाही, हे पानावर दिसते. आपल्या वाचकाला ते कळणार, असे त्याने गृहीत धरले. सांस्कृतिक इतिहासाचा पुरावा असा असतो. तो बोलणाऱ्याबद्दल कमी आणि ऐकणाऱ्यांबद्दल जास्त सांगतो.

आता याच बखरीतला दुसरा प्रसंग शेजारी ठेवा. नजीबखानाला संपवावे की राखावे, असा प्रश्न आहे. मल्हारराव होळकर दत्ताजींना सांगतात की त्याला संपवाल तर आपली गरज उरणार नाही, मग पेशवे आपल्याला धोतरे धुवायला लावतील. ही मसलत अस्सल मराठीत आहे, आणि तिची प्रतिमा नदीकाठच्या दगडावरची आहे. घरातल्या घरात हिशेब करायचा तो मराठीत, शत्रूच्या तोंडावर उत्तर फेकायचे ते त्याला कळेल अशा भाषेत. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो याचे बखरकाराचे भान इतके पक्के आहे, की या बाबतीत आजचे अनेक ऐतिहासिक कादंबरीकार त्याच्यापुढे कच्चे वाटतात. तिथे अब्दालीसुद्धा सदाशिव पेठेतले मराठी बोलतो!

हे भान आले कुठून? बाजीराव पहिले १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर, तालकटोऱ्यापर्यंत आले होते. त्या काळापासून हिंगणे घराण्यातली माणसे पेशव्यांचे वकील म्हणून दिल्ली दरबारात होती. त्यांची मोडी पत्रे पुढे 'हिंगणे दफ्तर' म्हणून छापली गेली. बाजारातली बातमी, हुंड्यांची अडचण, कोणता सरदार कोणावर रुसला, वजीर कोणाच्या मुठीत आहे, असा त्यांचा संसार आहे. वाक्याचा सांगाडा मराठी. पण मसलत, बंदोबस्त, खजिना, फौज, अर्जी, रवानगी हे शब्द फारसी-अरबीतून आलेले, आणि लिहिणाऱ्याला ते परके वाटतच नाहीत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश तयार झाला होता. त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरी शंभर वर्षांनी पेशव्यांच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' आणि लोकांच्या तोंडी मात्र 'पेशवा' हाच फारसी शब्द. फडणवीस, चिटणीस, मुजुमदार ही आडनावे आजही तुमच्या हजेरीपटावर असतील.

एवढ्यावरून दिल्लीत सगळे गोडीगुलाबीने चालले होते असा निष्कर्ष काढू नका. भाषा येणे म्हणजे प्रेम असणे नव्हे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा किल्ला घेतला, आणि फौजेचा पगार भागेना तेव्हा दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. त्यातून किती रुपये झाले याचे आकडे साधनागणिक वेगळे आहेत. चांदी काढली यात मात्र शंका नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या अभिमानाच्या भाषणांत येत नाही, आणि मराठ्यांना नुसते लुटारू म्हणणाऱ्या लेखनात याच्याशिवाय दुसरे काही येत नाही. दोघेही पुढचे पान उलटत नाहीत. त्याच भाऊंनी त्याच वर्षी ऑक्टोबरात शाहआलम दुसरा हाच बादशहा असल्याची द्वाही फिरवली. तख्ताची चांदी घेता येत होती, तख्त मात्र मोगलाचेच ठेवावे लागत होते. सत्तेची ती भाषा अजून दुसऱ्या कोणाला बोलता येत नव्हती.

दत्ताजींचे सावत्र भाऊ महादजी यांनी ही भाषा सर्वांत चांगली आत्मसात केली. १७७२ मध्ये मराठ्यांच्या बळावर शाहआलम दिल्लीला परतला. १७८४ मध्ये 'वकील-ए-मुत्लक' हे पद पेशव्यांच्या नावे आणि त्यांचा नायब म्हणून महादजींकडे आले. १७९२ मध्ये पुण्यात सवाई माधवरावांना त्याची वस्त्रे आणि फर्मान देण्याचा मोठा समारंभ झाला. फारसी कागदात लांबलचक किताब, मराठी पत्रात मात्र 'पाटीलबावा'. बादशहाला सांभाळणारा माणूस आपल्या माणसांत गावच्या पाटलाच्या नावाने ओळखला जाण्यात धन्यता मानतो. यात नम्रता किती आणि राजकारण किती, हे ठरवणे कठीण आहे. माझा कल राजकारणाकडे आहे. पुण्यातल्या कारभाऱ्यांना डिवचायला 'पाटील' हा शब्द फार उपयोगी होता.

११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजजवळ लेकच्या फौजेने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि म्हातारा, आंधळा शाहआलम कंपनीच्या छायेत गेला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडात गोल्फच्या मैदानात उभा आहे. त्यावरचा मजकूर इंग्रजीत आहे, आणि मराठ्यांचा सेनापती म्हणून नाव आहे लुई बुर्कियाँ या फ्रेंच माणसाचे.

मराठीत मात्र दिल्ली आणि पानिपत निराळ्या वाटेने राहिले. परीक्षेत 'पानिपत झाले' म्हणताना किंवा लोकलच्या 'भाऊगर्दी'त शिरताना आपण त्याच मोहिमेचे शब्द वापरतो.

पुढच्या तासापूर्वी एक काम करा. बखरीची कोणतीही चार पाने घ्या आणि समासात फक्त एवढेच लिहा : कोण बोलतो, कोणाशी, आणि कोणत्या भाषेत. जिथे बखरकार भाषा बदलतो तिथे खूण करा. मराठी न येणाऱ्यांनी शेजारी मराठी येणारा मित्र बसवावा. हिंदुस्तानी वाक्ये तो तुम्हाला विचारील.