मूळ आवाज कुणी ऐकला?

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली. ‘घरी शास्त्रीय गाणं रेकॉर्ड करायचं आहे. खोली दहा बाय बारा फुटांची आहे. कोणता मायक्रोफोन घ्यावा?’ वाचून आम्हाला हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन आम्ही दारोदार फिरत होतो. ज्याला विचारावं तो पहिल्याच वाक्यात एखाद्या मॉडेलचं नाव सांगायचा. खोली कशी आहे, गाणारं कोण आहे, ऐकणारं कोण आहे, हे एकानेही विचारलं नाही. घरगुती मुद्रणांतून आज जो एक ठरावीक आवाज ऐकू येतो, त्याच्याबद्दल आमची तक्रार आहे. ती आज मांडायची आहे. मांडता मांडता चिठ्ठीचं उत्तर निघालं तर उत्तमच.

आमच्या परिचयात एक वृद्ध गायिका आहेत. नाव घ्यायला त्यांची परवानगी नाही, म्हणून आपण नुसतं ‘बाई’ म्हणू. वय चौऱ्याऐंशी. उमेदीच्या काळात काळी चारमध्ये गायच्या, आता काळी तीनवर उतरल्या आहेत. आयुष्यभर शिकवलं, मैफली मोजक्या केल्या. मुद्रण जवळजवळ नाहीच. दोन-तीन कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी लागली. तेव्हा गळा आहे तोवर काही राग नीट मुद्रित करून ठेवावेत, असं आम्ही तिघा-चौघांनी ठरवलं.

पहिल्या बैठकीला आम्ही सगळं ‘शास्त्रशुद्ध’ केलं. मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर मायक्रोफोन मागून आणला. भिंतींना एक इंची फोम चिकटवला. बाईंना मायक्रोफोनपासून सहा इंचांवर बसवलं, कानाला हेडफोन लावले, त्यात ॲपवरचा तानपुरा सोडला. तासाभराने ऐकवलं. बाईंनी पाचेक मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “सर, हा आवाज माझ्या दातांचा आहे. माझं गाणं तुम्ही समोर बसून ऐकता ना? मग हे यंत्र माझ्या तोंडात कशाला बसवलंत?”

आता बघा, यंत्राने काही खोटं टिपलं नव्हतं. दातांवरचा ‘स’, ओठ सुटतानाची टिचकी, वयाने आलेला श्वासाचा भाता, हे सगळं तिथे होतंच. फक्त ते ऐकायला आजवर कुणी तिथे गेलं नव्हतं. शिवाय या जातीच्या बऱ्याच मायक्रोफोनांत वरच्या पट्टीतले ध्वनी मुद्दाम थोडे उठून ऐकू येतील अशी योजना असते. तरुण गळ्याला त्याने झळाळी येते, म्हाताऱ्या गळ्याच्या सुरकुत्या मोजल्या जातात. दुसरी गोष्ट अशी की, समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड पद्धतीचा मायक्रोफोन तोंडाजवळ नेला की खालचे स्वर आपोआप फुगतात. निवेदकांच्या भारदस्त आवाजात याचा वाटा मोठा असतो. बाईंचा मंद्र असा फुगला की जणू दुसरंच कुणी गात होतं. तिसरी गोष्ट मानेची. ख्याल गाणारा माणूस पुतळ्यासारखा बसत नाही. सहा इंचांवरून मान सहा इंच मागे गेली तर आवाज सहा डेसिबलने पडतो. तीन फुटांवरून तीच मान तेवढीच मागे गेली तर फरक सव्वा-दीड डेसिबलचा. मग जवळचा मायक्रोफोन घेऊन बसलेला माणूस ही चढउतार नंतर यंत्राने सपाट करतो, आणि गायिकेने जाणूनबुजून केलेले लहानमोठे आवाजही त्या इस्त्रीखाली जातात.

यावर तरुण मंडळी म्हणतात, “पण सर, मूळ आवाज तर तोच ना?” हा शब्द आम्हाला खटकतो. मूळ आवाज. तो कुणी ऐकला आहे?

इथे आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो, कंटाळू नका. विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात शब्द कानापर्यंत कसा पोचतो याची चर्चा आहे. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, आणि कानाच्या पोकळीतलं आकाश म्हणजेच श्रोत्रेंद्रिय. जिभेपाशी निघालेला शब्द प्रवास करत कानात शिरत नाही. तो दुसऱ्या शब्दाला जन्म देतो आणि नाहीसा होतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावरच्या लाटांसारखं हे चालतं, म्हणून याला वीचीतरंगन्याय म्हणतात. दुसरं मत असं की, कदंबाच्या गोल फुलासारखा तो एकदम सर्व दिशांना फुटतो. मत कोणतंही घ्या, कानाला मिळतो तो मालिकेतला शेवटचा शब्द, जो कानातच जन्मतो. पहिला कुणालाच मिळत नाही. (मीमांसकांचा शब्द नित्य आहे, त्यांना ही अडचण नाही. पण ते मायक्रोफोन घ्यायलाही येणार नाहीत.)

हे भौतिकशास्त्र म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो आहोत. मायक्रोफोन ठेवणं म्हणजे शेवटचा शब्द कुठे जन्मावा याचा निर्णय घेणं. सहा इंचांवर ठेवाल तर ती एक मैफल, तीन फुटांवर ठेवाल तर दुसरी. दोन्ही खऱ्याच. पण ख्यालाची मैफल सहा इंचांवर कधी झाली होती का?

भारतातली पहिली मोठी व्यापारी मुद्रणं नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि एका हॉटेलच्या खोलीत मांडून बसला. म्हणजे घरगुती स्टुडिओच तो, आजच्या चिठ्ठीतल्यासारखा. तिथे गौहरजान गायल्या, आणि तबकडीच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे. विजेवर चालणारं मुद्रण व्यापारात आलं ते १९२५ पासून, आणि तेव्हापासून हळू आवाजाचंही गाणं होऊ शकलं. आमचं मराठी भावगीत आम्ही मायक्रोफोनचंच अपत्य मानतो. संगीत नाटकाच्या बहराच्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. भावगीताचा गायक एकाच माणसाच्या कानाशी बोलतो. तिथे जवळचा मायक्रोफोन हीच योग्य बैठक. आमची तक्रार त्या जवळीकीविरुद्ध नाही. ज्या गाण्याची बैठक वेगळी आहे त्यालाही तीच जवळीक चिकटवायची, मग ते कोरडं वाटतं म्हणून यंत्रातून एक खोटं देऊळ त्यामागे उभं करायचं, याविरुद्ध आहे. सध्या दहांतली आठ घरगुती मुद्रणं अशीच ऐकू येतात. ओठ आपल्या कानाला लागलेले आणि सभामंडप मागे शंभर फूट. असा श्रोता कुठे बसलेला असतो, हे आम्हाला कळत नाही.

तेव्हा दुसऱ्या खेपेला आम्ही आधी खोलीकडे वळलो. खोली बारा फूट लांब होती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट असले की ४७ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ९४ च्या आसपास, खोली स्वतःच घुमते. काळी तीनचा खर्ज साधारण ९२.५ हर्ट्झ. म्हणजे बाईंच्या तानपुऱ्याच्या खर्जाला खोली न बोलावता साथ करत होती! खोलीच्या मधोमध उभं राहिलं की तो खर्ज नगाऱ्यासारखा, आणि भिंतीपासून तीन फुटांवर गेलं की जवळजवळ गायब. यावर एक इंची फोमचा काडीचाही उपयोग नव्हता. एवढ्या खालच्या स्वराची पाव लांबीच तीन फूट भरते. पातळ फोमने वरचे स्वर तेवढे शोषले जातात. खोली एकाच वेळी मुकी आणि ढोलासारखी होते. अंड्यांच्या ट्रेविषयी तर बोलायलाच नको, ते आमलेटापुरतेच ठीक.

फोम काढून टाकला. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या, बाईंच्या पाठीमागे भिंतीपासून वीतभर पुढे जाड गोधड्या टांगल्या, समोर पुस्तकांचं उघडं कपाट तसंच ठेवलं. मग बाईंची एक शिष्या खर्ज छेडत बसली आणि आम्ही गुडघ्यांना शिव्या देत, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर डोकं ठेवून खोलीभर फिरलो. आखूड भिंतीपासून साडेचार फुटांवर खर्ज ना फुगीर ना पोकळ असा लागला. मायक्रोफोनची जागा ठरली. मायक्रोफोन अजून ठरायचाच होता.

तो शेवटी घेतला लहान डायफ्रॅमचा, चहूकडून सारखं ऐकणारा. बाईंपासून तीन फूट, जरासा वरून. अशा मायक्रोफोनला जवळ-लांबचा फुगवटा नसतो. पण तो खोलीही ऐकतो, म्हणून खोलीचं आधी. खरा तानपुरा बाईंच्या उजव्या कानाशी, हेडफोन नाहीत. दोन मायक्रोफोनांची सोय आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर असलेला साधा ऑडिओ इंटरफेस पुरला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. यापुढच्या आकड्यांवर भांडण्यात आम्हाला रस नाही. तार षड्जाला पातळी वरच्या मर्यादेच्या बारा डेसिबल खाली राहील एवढाच गेन ठेवायचा, बस. स्टँड मात्र जड घ्या. आमचा पहिला स्वस्तातला स्टँड भैरवाच्या आलापात हळूहळू नमस्काराला वाकला.

जाहिरातीतल्या एका आकड्याबद्दल बोललं पाहिजे. मायक्रोफोनच्या अंगची एक सूक्ष्म सळसळ असते. रोडे कंपनीच्या एनटी-१ ची ती ४ डेसिबल सांगतात. जगभरच्या स्टुडिओंत नावाजलेल्या न्यूमन यू-८७ एआयची १२. म्हणजे नामांकित यंत्र या परीक्षेत मागे पडतं. आणि आपल्या शहरी खोलीत पंखा बंद करून, पहाटे, सगळे झोपलेले असताना पंचवीस-तीस डेसिबल असतातच. तिथे चार की बारा, हा वाद म्हणजे गिरणीत बसून कुजबुज मोजणं.

शांतता हाच खरा महागडा माल. आमच्याकडे ती पहाटे साडेचार ते सहा एवढीच मिळायची. ठरवलं, पहाटे मुद्रण. भैरव झाला, ललत झाला, भटियार झाला. मग आम्ही म्हटलं, आता मारवा घेऊ. बाईंनी तानपुरा खाली ठेवला. “पहाटे मारवा?” एवढंच. आम्ही युक्तिवाद केला की मुद्रणाला वेळ नसते, ऐकणारा कधीही ऐकेल. त्यावर त्या म्हणाल्या, “ऐकणारा कधीही ऐको, गाणारी मी आहे.” या वाक्यापुढे पस्तीस वर्षांचं अध्यापन चालेना.

तेव्हा मारवा, पूरिया, श्री हे संध्याकाळीच झाले. संध्याकाळी खाली रिक्षा, वर लिफ्ट, शेजारी कुकर. चहूकडचं ऐकणारा मायक्रोफोन घेऊन बसणं शक्यच नव्हतं. निमूटपणे एक डायनॅमिक मायक्रोफोन काढला. मंचावर सर्रास दिसतो तसला, १९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम-५८. तो जरा आडवा धरून सहा-सात इंचांवर लावला. म्हणजे जिथून बाईंनी आम्हाला उठवलं होतं, तिथेच परत. फरक इतकाच की हा वरचे बारकावे कमी टिपतो. दात शांत राहिले. मंद्र थोडा फुगला, तो नंतर हलका केला. बाई म्हणाल्या, “चालेल. पण हे मैफलीचं नव्हे, शिकवणीचं झालं.”

गेल्या पावसाळ्यापासून बाई गात नाहीत. आमच्याकडे अकरा राग आहेत. सात पहाटेचे, दुरून. चार संध्याकाळचे, जवळून. आमचं मत तुम्हाला कळलंच आहे. ललत लावला की आम्ही त्या खोलीत जाऊन बसतो, गोधड्यांसकट. पण बाईंच्या शिष्या मागतात त्या संध्याकाळच्या चार फाइली. एकीने कारण सांगितलं. श्वास कुठे घेतला, मारव्यातल्या कोमल रिषभावर जाताना जबडा किती सैल सोडला, हे पहाटेच्या मुद्रणांत कळत नाही, जवळच्यात कळतं. आम्ही ज्याला दातांचा आवाज म्हणून हिणवत होतो, तिला तोच हवा होता. श्रोत्याची बैठक आम्ही गृहीत धरली होती, शिष्येची बैठक विसरलो होतो. गुरूसमोर शिष्य तीन फुटांवर बसतो खरा, पण बघतो ते गुरूच्या तोंडाकडे. याला आमच्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. आज पुन्हा करायचं झालं तर दोन्ही मायक्रोफोन लावून दोन वेगळे ट्रॅक घेऊ. इंटरफेसला दोन तोंडं होतीच, आम्हीच हट्टाने एक रिकामं ठेवलं.

मारव्याच्या फाइलीत चौदाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. एका तरुण मित्राने ती संगणकावर पुसून दाखवली. शिट्टी गेली, पण तिच्याबरोबर बाईंच्या निषादाची धारही थोडी बोथट झाली. बाईंना दोन्ही ऐकवलं. त्यांनी शिट्टीचीच फाइल ठेवायला सांगितली, आणि विचारलं, त्या दिवशी शेजारी काय शिजत होतं.