भग्नावशेषांचा भविष्यकाळ : विज्ञानकल्पित युद्धखेळातील भूप्रदेशरचना

विज्ञानकथेची समीक्षा कादंबरी, कथा आणि चित्रपट यांच्यापाशी सहसा थांबते. मेजावर मांडलेल्या लघुप्रतिमांच्या युद्धखेळात भविष्यकाळाची जी रचना प्रत्यक्ष हाताने केली जाते, ती छंद म्हणून बाजूला ठेवली जाते. या खेळात साधारणपणे सहा फूट लांब व चार फूट रुंद पृष्ठभागावर दोन खेळाडू आपापली रंगवलेली सैन्ये उभी करतात, फुटपट्टीने अंतर मोजतात आणि फासे टाकून परिणाम ठरवतात. मात्र या सैन्यांमधील टेकड्या, इमारती, नळांची जाळी आणि पडक्या भिंती केवळ नेपथ्य नसतात. कोण कोणाला पाहू शकतो, कोणाला आडोसा मिळतो, कोणता मार्ग बंद होतो, हे त्याच ठरवतात. भूप्रदेश येथे एकाच वेळी नियम असतो आणि वर्णनही असते. त्याला संहिता म्हणून वाचण्याचे समर्थन या दुहेरी कार्यात आहे, आणि त्याच्यातील मूलभूत पेचही येथेच आहे.

या रचनेची परंपरा विज्ञानकथेहून जुनी आहे. प्रशियातील राईसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी हलवता येणाऱ्या भूप्रदेश-तुकड्यांचे मेज सिद्ध केले. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये तो खेळ नकाशावर नेला व लष्करी शिक्षणाचे साधन बनवला. खेळाला घराच्या जमिनीवर आणले ते एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून. मंगळवासीयांचे आक्रमण कल्पिणाऱ्या या लेखकाने रणभूमी मात्र लाकडी ठोकळ्यांच्या घरांची व डहाळ्यांच्या झाडांची केली, हे लक्षणीय आहे. कादंबरीतले भविष्य त्यांच्या खेळात उतरलेच नाही. ते व्यापक प्रमाणावर उतरण्यास १९८७ उजाडावे लागले. त्या वर्षी रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर’ हा ग्रंथ ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपने प्रकाशित केला.

या खेळातील एकेचाळिसाव्या सहस्रकाचे दृश्यरूप भग्न आहे. टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, उडालेली छपरे, अर्धवट मजले. त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः या विश्वाच्या निराशावादी कथासूत्रात शोधले जाते. ते चूक नाही. पण अपुरे आहे. अखंड इमारतीत खेळाडूचा हात जात नाही. लघुप्रतिमा आत ठेवायची, पुढे सरकवायची, बाहेर काढायची, तर एखादी भिंत पाडावीच लागते, छप्पर काढावेच लागते. भग्नावशेष ही प्रथम हाताची सोय आहे आणि नंतर विश्वदृष्टी. आशय रूपाला जन्म देतो हे गृहीतक येथे उलटे होते : खेळण्याच्या गरजेतून एक रूप रूढ झाले आणि त्या रूपाला साजेसा अंतहीन युद्धाचा आशय त्याला सहज चिकटला.

प्रमाणाचा प्रश्नही असाच बोलका आहे. या लघुप्रतिमांची उंची सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास असते. खेळातील सैनिकाच्या प्रमुख बंदुकीचा पल्ला २४ इंच आहे. मूर्तीच्या प्रमाणात मोजल्यास तो जेमतेम ३६ मीटर भरतो. हजारो वर्षांनंतरचे हे शस्त्र आजच्या साध्या बंदुकीपुढेही लुळे ठरेल. अर्थात ही विसंगती कोणालाही खटकत नाही, कारण मूर्ती आणि भिंत एका प्रमाणात वाचायची व अंतर दुसऱ्या प्रमाणात, हा संकेत खेळाडूने स्वीकारलेला असतो. नाटकातील काल-अवकाशाच्या संकेतांशी परिचित असलेल्या वाचकाला त्यात नवल वाटू नये.

निवेदनमीमांसेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती दृष्टिरेषा. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत काही भूप्रदेशांना ठरावीक उंचीचे वर्ग दिलेले होते. त्यांच्याबाबत दिसते की नाही हे तर्काने ठरे. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने प्रत्यक्ष दृष्टिरेषेवर भर दिला : खेळाडूने वाकून, मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन पाहावे. एरवी मेजावर सर्वज्ञ निवेदकासारखा झुकलेला खेळाडू त्या क्षणी पात्राच्या दृष्टिकेंद्रात शिरतो. झेनेट यांनी निवेदनात ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ यांत जो भेद केला, तो येथे मान वाकवून अनुभवावा लागतो. वरून निरुपद्रवी भासणारी पडकी खिडकी खाली वाकताच भीतीचे स्थान बनते. उत्तम भूप्रदेशरचनाकार या दुसऱ्या दृष्टीसाठी रचना करतो; सामान्य रचनाकार छायाचित्रासाठी करतो.

साहित्यद्रव्याचा विचार केल्यास पहिल्या काळातील रचना विशेष वाचनीय ठरतात. तयार संच दुर्मीळ असल्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुर्गंधीनाशकाच्या प्लास्टिक डबीपासून तरंगते युद्धयान कसे बनवावे हे ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकातून शिकवले गेले. थर्माकोल, बाटल्यांची झाकणे, यंत्रांच्या खोक्यांतील साचेबंद प्लास्टिक यांतून कारखाने उभे राहिले. लेव्ही-स्ट्राउस यांचा हाती येईल त्यातून घडवणारा ‘ब्रिकोलर’ तो हाच. नव्या कोऱ्या वस्तूवर कोरड्या कुंचल्याने गंज चढवण्याची प्रक्रियाही अर्थपूर्ण आहे. तिच्यामुळे भविष्याला स्वतःचा भूतकाळ मिळतो. डार्को सुविन यांनी विज्ञानकथेचा गाभा मानलेले बोधात्मक अपरिचितीकरण येथे दुहेरी घडते : डबी यान होते, आणि यानाकडे पाहताना डबीही पुन्हा दिसते.

कारखान्यात ओतलेल्या संचांनी ही प्रक्रिया क्षीण केली. २००६ च्या ‘सिटीज ऑफ डेथ’ या पुस्तिकेच्या सुमारास प्लास्टिकचे सुटे भग्नावशेष बाजारात आले. त्यांची कारागिरी निःसंशय श्रेष्ठ आहे, पण ते पाहणारा चकित होत नाही, ओळखतो. अपरिचितीकरणाची जागा परिचयाच्या सुखाने घेतली. भग्नताही साच्यातून येऊ लागली. एकाच ठिकाणी तडकलेली तीच भिंत शेकडो मेजांवर दिसू लागली.

तथापि या भूप्रदेशावरील मुख्य आक्षेप वेगळा आहे. येथे कोणी राहत नाही. इतकी शहरे, पण चूल नाही, बाजार नाही, पाणवठा नाही. आडोशाच्या उपयोगाचे तेवढेच उरते. महाराष्ट्रात मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तोही लघुप्रतिमांचा युद्धप्रदेशच. पण त्यावर हळीव पेरलेले शेत असते, विहीर असते, मावळ्यांच्या शेजारी भाजीवाली बसलेली असते, आणि ती दरवाजाहून उंच असली तरी कोणाची तक्रार नसते. किल्ला राखायचा का, याचे उत्तर त्या भाजीवालीत आहे. एकेचाळिसाव्या सहस्रकातील भिंत कोणासाठी राखायची, हे मेजावर कोठेच लिहिलेले नसते. विज्ञानकथेकडून पर्यायी जगाची अपेक्षा करणाऱ्याला ही उणीव कलात्मक वाटेल, नैतिकही वाटेल.

याच प्रकाशनसंस्थेच्या १९९५ मधील ‘नेक्रोमुंडा’ या खेळाने एक वेगळी शक्यता दाखवली होती. त्यात दोन मोठी सैन्ये नाहीत. एका प्रचंड औद्योगिक नगराच्या तळघरातील टोळ्या आहेत. पुठ्ठ्याच्या पट्ट्या व प्लास्टिकचे खांब जोडून तेथे मजल्यांवर मजले उभे करायचे असतात. श्रीमंत वर, शिखरात, टोळ्या खाली. कडेला उभा असलेला जखमी झाला तर कोसळू शकतो, म्हणजे उंची ही वर्गाची खूण असताना नियमांतही धोका म्हणून वावरते. शिवाय प्रत्येक टोळीच्या ताब्यात काही ठिकाणे असतात आणि लढाईनंतर त्यांतून उत्पन्न मोजायचे असते. ती ठिकाणे कागदावरच्या यादीत राहतात, मेजावर क्वचितच बांधली जातात. पण त्या यादीमुळे पुठ्ठ्याचा जिना कोणाच्या तरी रोजच्या वाटेवरचा होतो, आणि त्यावरून कोसळणाऱ्या मूर्तीला नाव असते.