दोन वजाबाक्या

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो. बहुतेकांचं आयुष्य नीट जातं; पण एखाद्या धडधाकट तरुणाचं हृदय चालता-बोलता थांबतं. पुढच्या पाच वर्षांत तसं होण्याची शक्यता किती, हे सांगणारं सूत्र ओ'माहोनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं. त्यामागे युरोपातल्या सहा केंद्रांतले ३,६७५ रुग्ण आहेत. डॉक्टर संगणकात आकडे भरून ते वापरतात. मला ते कागदावर उतरवून सावकाश वाचायला आवडतं.

आधीची रीत धोक्याची कारणं मोजण्याची होती. हृदयाची भिंत ३० मिलिमीटर असली की धोका धरायचा, २९ असली की नाही! इथे प्रत्येक मिलिमीटरला किंमत आहे. पण सरळ चढती नाही. जाडीला गुणक आहे ०.१५९; लगेच पुढे जाडीचा वर्ग ०.००२९ ने गुणून वजा केलेला. त्यामुळे धोका २७ मिलिमीटरच्या आसपास शिगेला पोचतो आणि मग उतरतो. 'जितकं जाड तितकं वाईट' हा सोपा समज सूत्रकारांनी आकड्यांवर लादला नाही. (३५ पासून पुढे मात्र युरोपीय मार्गदर्शिका जपून वापरा म्हणते, आणि ते योग्यच आहे.) जाडीची ही वजाबाकी मला या सूत्रातली सर्वांत देखणी जागा वाटते.

दुसरी वजाबाकी वयाची. डाव्या वरच्या कप्प्याचा व्यास, रक्ताच्या वाटेतला अडथळा, होल्टरवर (दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर) दिसलेली वेगवान ठोक्यांची छोटी धाव, सगळ्यांची बेरीज होते. प्रत्येक वर्ष मात्र थोडं वजा होतं. जो रुग्ण ही जाड भिंत घेऊन साठीला पोचला, त्याच्या हृदयाने पुरावाच दिलेला असतो. त्याची दखल घेण्यात केवढी समज आहे!

आता एक उदाहरण मांडून पाहू. वय ३०, भिंत २० मिलिमीटर, कप्पा ४० मिलिमीटर, अडथळ्याचा दाब १० मिमी पारा, बाकी काही नाही: धोका २.५ टक्के. यात फक्त कारण न सापडलेली एक बेशुद्धी घाला. धोका ५.१ टक्के, दुपटीहून जास्त. चार टक्क्यांखाली शॉक देणारं आयसीडी यंत्र सहसा बसवत नाहीत. चार ते सहामध्ये त्याचा विचार होतो. भर उन्हात आली म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली अशी बेशुद्धीसुद्धा इथे निर्णय फिरवते.

एमआरआयवर दिसणारा स्नायूतला व्रण या सूत्रात नाही, ही खरी उणीव. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि उच्च स्तरावर स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूंनाही ते लागू नाही.

आणि सूत्रातल्या दोन गोष्टी कुठलंच यंत्र मोजत नाही: ती बेशुद्धी आणि घरातला अकाली मृत्यू. त्या रुग्णाच्या तोंडूनच कळतात. तुमचे आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा.