साक्षीची भाषा आणि करुण रस

करुण रसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी टीकेत पुष्कळ वर्षे चर्चिला गेला आहे. तात्यासाहेब केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली; डॉ. वाटव्यांच्या 'रसविमर्शा'ने रसव्यवस्थेची सांगोपांग चिकित्सा केली. उत्तरे भिन्न असली तरी एक गोष्ट बहुतेकांनी गृहीत धरलेली दिसते. दुःख वाङ्मयात उतरले की ते आस्वाद्य होते, आणि आस्वाद्य झाले म्हणजेच ते वाङ्मय झाले. या गृहीतापाशीच आम्हांला अडखळावयास लावणारे एक पुस्तक आहे. त्याला वाङ्मय म्हणावे तर ते रसाच्या कोष्टकात बसत नाही. केवळ कागदपत्र म्हणून बाजूस सारावे तर मन तयार होत नाही.

ते पुस्तक म्हणजे प्रीमो लेव्ही या इटालियन लेखकाचे 'से क्वेस्तो ए उन उओमो', अर्थात 'हा जर मनुष्य असेल तर'. लेव्ही तुरीन शहरचा, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ, जन्माने ज्यू. डिसेंबर १९४३ मध्ये फासिस्टविरोधी टोळीत असताना तो पकडला गेला. ऑश्विट्झला पाठविला गेला तो मात्र केवळ ज्यू म्हणून. फेब्रुवारी १९४४ मध्ये मालगाडीच्या १२ डब्यांतून ६५० माणसे निघाली. त्यांपैकी ९६ पुरुष व २९ स्त्रिया कामास योग्य ठरून छावण्यांत गेल्या; उरलेल्यांपैकी कोणीही दोन दिवसांनंतर जिवंत नव्हते. पुढे लेव्हीचे हस्तलिखित एइनाउदी या नामवंत प्रकाशनसंस्थेने नाकारले आणि १९४७ साली एका लहान प्रकाशकाने त्याच्या २५०० प्रती काढल्या. नाकारणाऱ्या त्याच संस्थेने १९५८ साली ते पुन्हा छापले. आमच्यापुढे आहे ते स्टुअर्ट वुल्फ यांचे १९५९ चे इंग्रजी भाषांतर.

मानवसंहारावरील या ग्रंथात संहाराचे प्रत्यक्ष वर्णन नाही, हे वाचकाच्या प्रथम लक्षात येत नाही. विषारी वायूच्या कोठड्या लेव्हीने पाहिल्या नव्हत्या. तो होता त्या मोनोविट्झच्या छावणीत त्या नव्हत्याच. म्हणून तो त्यांविषयी वर्णन करीत बसत नाही. साक्षीदाराने डोळ्यांदेखत घडले तेवढेच सांगावे, हा न्यायालयातला दंडक त्याने लेखनाला लावून घेतला आहे. एखादा कादंबरीकार येथे थांबला नसता. फ्रान्झ वेर्फेलची 'मुसा दागचे चाळीस दिवस' ही १९३३ ची कादंबरी आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या संहारावर आहे आणि ती थोर आहे. परंतु डोंगरावर झुंजणाऱ्या गावकऱ्यांचे मूळचे ५३ दिवस वेर्फेलने ४० केले, कारण बायबलात ४० या आकड्याला जे वजन आहे ते ५३ ला नाही. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. साक्षीदाराने एक दिवस जरी इकडचा तिकडे केला तरी त्याची सारी जबानी संशयास्पद होते.

मग एवढ्या संयत निवेदनाचा परिणाम कशातून होतो? एक प्रसंग घेऊ. छावणीजवळच्या रासायनिक कारखान्यात काम मिळावे म्हणून लेव्हीची परीक्षा होते. उपासाने खंगलेला, अंगाला दुर्गंधी येणारा हा पदवीधर एका जर्मन डॉक्टरेटधारकापुढे उभा राहून रसायनशास्त्राची उत्तरे देतो. परीक्षा संपते. परतताना अ‍ॅलेक्स नावाच्या मुकादमाचा (हे मुकादम कैद्यांतूनच नेमलेले असत) हात वाटेतल्या पोलादी दोरखंडाच्या वंगणाने काळा होतो. अ‍ॅलेक्स तो हात लेव्हीच्या खांद्याला पुसतो, आधी तळवा, मग पाठची बाजू. त्यात द्वेष नसतो की टवाळी नसते. फडक्याला हात पुसावा तसा तो पुसतो. लेव्ही म्हणतो की या एका कृतीवरून आपण त्याचा, त्या परीक्षकाचा आणि त्यांच्यासारख्या असंख्य लहानमोठ्यांचा न्याय करतो. परिच्छेद येथे संपतो. अश्रू नाही, उद्गारचिन्ह नाही.

या प्रसंगाचा रस कोणता? करुण म्हणावा तर शोक हा स्थायीभाव येथे उद्दीपितच होत नाही. बीभत्स म्हणावा तर जुगुप्सा वाटते ती वंगणाची नव्हे. साधारणीकरणाची अट तर सरळच मोडते. शकुंतलेच्या पाठवणीत प्रत्येक बापाला आपली लेक दिसते, आणि दिसावी हेच कवीला इष्ट असते. लेव्हीला ते इष्ट नाही. तो खांदा आपला आहे असे मानण्याची सवलत तो वाचकाला देत नाही. आपण तेथे नव्हतो, हे तो विसरू देत नाही. वाचक येथे सहृदय म्हणून बसलेला नसून पंच म्हणून बसविलेला आहे. आणि पंचाला आनंद होत नाही म्हणून जबानीत कला नाही असे कोण म्हणेल? वंगण तळव्याचे आधी आणि पाठचे नंतर, हा क्रम टिपणाऱ्या लेखणीला आम्ही कलावंताचीच लेखणी म्हणू.

शाळेच्या इतिहासात 'साठ लाख ज्यू मारले गेले' हे एक वाक्य असते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. लेव्ही आपल्या डब्यातली ४५ माणसे सांगतो आणि त्यांतली ४ घरी परतली असे सांगतो. हा हिशेब इयत्ता चौथीचा मुलगाही करील, आणि केल्यावर गप्प बसेल.

आपल्या भाषेला या विषयाची एक वेगळीच अडचण आहे. वि. ग. कानिटकर यांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' मराठी वाचकांनी उदंड वाचले आणि ते त्या योग्यतेचे आहे. तथापि त्याच्या नावातले रूपक आम्हांला खटकते. भस्मासुर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून आपोआप भस्म झाला; नाझी सत्ता आपोआप भस्म झाली नाही. शिवाय असुर म्हटले की कर्ता मनुष्यकोटीतून बाहेर जातो आणि आपण निर्धास्त होतो. अ‍ॅलेक्स असुर नव्हता. तो हात पुसणारा मुकादम होता. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली या गुन्ह्याला नवे नाव दिले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने त्याविरुद्ध करार संमत केला, तेव्हा त्या व्याख्येत भर होता तो हेतूवर: एखादा समूह समूह म्हणून नष्ट करण्याच्या हेतूवर. आपले 'कत्तल', 'हत्याकांड', 'नरसंहार' हे शब्द मेलेल्यांची गणती सांगतात. 'वंशविच्छेद' हेतू सांगतो, म्हणून तोच आम्हांला अधिक पसंत आहे. 'निर्वंश होवो' हा शाप ज्या भाषेत शापांतला शेवटचा आहे, तिला हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

लेव्ही सर्वत्रच निर्विकार आहे असे मात्र नव्हे. सूप आणावयास जाताना एका तरुण सोबत्याला तो दान्तेचे युलिसिसवरील सर्ग आठवून सांगू लागतो. मधल्या ओळी आठवत नाहीत, आणि त्या आठवाव्यात म्हणून दिवसाचे सूप देण्यास तो तयार होतो. ज्याला उपास ठाऊक आहे त्यालाच या देण्याची किंमत कळेल. दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९४४ मधल्या निवडीचा आहे. मरणासाठी आपली निवड झाली नाही म्हणून वृद्ध कून मोठ्याने देवाचे आभार मानतो. शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा बेप्पो पडलेला असतो, ज्याची निवड झाली आहे. येथे लेव्हीचा आवाज चढतो. देवाच्या जागी आपण असतो तर ही प्रार्थना थुंकून टाकली असती, असे तो म्हणून जातो. साक्षीदाराने न्यायाधीशाचे आसन घेतले, अशी हरकत कोणी घेईल; आम्ही घेणार नाही. कूनची चूक कोणती, हे मात्र वर्गात विचारण्यासारखे आहे, आणि उत्तर वाटते तितके सोपे नाही.

आमची हरकत आहे ती 'बुडालेले आणि तरलेले' या प्रकरणाला. तेथे लेव्ही कैद्यांची वर्गवारी करतो आणि धूर्तपणाने तगलेल्या हेन्री नावाच्या तरुणाचे चित्र अतिशय थंड हाताने काढतो. हेन्रीही बळीच होता. पुढे १९८६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, याच शीर्षकाच्या स्वतंत्र पुस्तकात लेव्ही या प्रश्नाकडे पुन्हा वळला आणि बळी व अपराधी यांच्यामधल्या करड्या पट्ट्याविषयी त्याने अधिक सावधपणे लिहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. आणि कोणी लेव्हीला इटालियनमधून थेट मराठीत आणणार असेल, तर त्याने विशेषणे मोजून वापरावीत. मूळात नाही असे एकही 'हृदयद्रावक' त्यात येता कामा नये.