कन्नड विनोदपटातलं सोंग: गरजेचं आणि बिनगरजेचं

विनोदी चित्रपटात एखादं पात्र दुसऱ्याच्या नावाने वावरू लागलं, की प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो: याला हे सोंग का घ्यावं लागलं? उत्तर पटलं, तर पुढचे सगळे योगायोग तो आनंदाने स्वीकारतो. नाही पटलं, तर पडद्यावर नुसती खोटी मिशी आणि नेसवलेली साडी उरते. कन्नड विनोदपटाने या प्रश्नाची उत्तम उत्तरं दिली आहेत. अलीकडे मात्र तो प्रश्नच विसरला जातो आहे, आणि त्याची काळजी वाटते.

या प्रकाराची मुळं कन्नड रंगभूमीत खोल गेलेली आहेत. यक्षगानात स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची जुनी रीत आहे, आणि विनोदी भूमिका करणाऱ्या हास्यगाराचं स्थान स्वतंत्र आणि मानाचं आहे. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने गाजवलेल्या ‘सदारमे’ नाटकाची नायिका संकटातून सुटण्यासाठी पुरुषवेष घेते. या नाटकावर १९३५ साली बोलपटही निघाला. पुढे कन्नड पडद्यावर हास्याचं राज्य चालवणारे नरसिंहराजू अशाच नाटक कंपन्यांत घडले. मराठी रसिकाला हे परकं वाटू नये. संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाचा आनंद आपण १८८२च्या ‘सौभद्र’पासून घेत आलो आहोत, आणि ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे होते.

चित्रपटांत १९९० हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचं. त्या वर्षी हृषीकेश मुखर्जींच्या ‘गोलमाल’चा कन्नड अवतार, शिवराजकुमार यांचा ‘आसेगोब्ब मीसेगोब्ब’ आला. मूळ कथेतली गरज पक्की होती. नोकरी हवी, आणि ती देणाऱ्याला मिशीवाला सालस तरुण हवा. म्हणून ही गोष्ट तमिळमध्ये गेली, कन्नडमध्ये आली आणि दोन्हीकडे रुजली.

पण त्याच वर्षीच्या ‘गणेशन मदुवे’ने अधिक मोठी कामगिरी केली. फणी रामचंद्र यांच्या या चित्रपटात अनंत नाग आणि विनया प्रसाद एकाच वठारात राहतात. वठार म्हणजे मालकाचं घर आणि भाडेकरूंच्या खोल्या एकाच आवारात. ती मालकाची मुलगी, तो भाडेकरू, आणि दोघांचं दिवसरात्र भांडण. ती दुसऱ्या नावाने गाते, तो दुसऱ्या नावाने तिला पत्रं लिहितो, आणि अंगणात एकमेकांवर तुटून पडणारे हे दोघे कागदावर प्रेमात पडतात. इथे कोणी रंग फासत नाही की कपडे बदलत नाही. सामाईक नळ, थकलेलं भाडं, पातळ भिंती यांनी माणसाला शेजाऱ्यासमोर जो कडवट चेहरा धारण करायला लावलेला असतो, तेच इथलं सोंग. पत्रातला माणूस खरा निघतो. एवढी सूक्ष्म कल्पना इतक्या सहज हसवत मांडणारे चित्रपट कोणत्याही भाषेत थोडेच.

पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने ‘गौरी गणेश’ केला. बेकार लंबोदराला एका मृत तरुणीची डायरी सापडते. तिच्या आधारे तो तीन प्रतिष्ठित पुरुषांना गाठतो आणि एक पोर त्यांचंच असल्याचं भासवून पैसे उकळतो. तिघेही घाबरतात, कारण प्रत्येकाला आपल्या अब्रूची भीती आहे. एका खोट्या ओळखीने तीन संसारांचं बेगडीपण उघडं पाडणारा हा चित्रपट मला या परंपरेतला सर्वात धारदार वाटतो.

१९९७ साली एन. एस. शंकर यांनी ‘उल्टा पल्टा’त शेक्सपिअरची जुळ्यांची गोष्ट आणली. रमेश अरविंद मालकांच्या दुहेरी भूमिकेत, करिबसवय्या नोकरांच्या. ‘अंगूर’ पाहिलेल्यांना रचना ओळखीची वाटेल, पण करिबसवय्यांच्या बोलीने आणि देहबोलीने तिला कन्नड मातीचा वास दिला.

त्यानंतर उतार लागला. अपवाद होते, पण कल आयत्या कथांकडे राहिला. आपल्या ‘अशी ही बनवाबनवी’त चार तरुणांना डोक्यावर छप्पर हवं असतं, म्हणून दोघे साड्या नेसतात. तीही गोष्ट कन्नडमध्ये गेली. २०१४चा ‘जय ललिता’ हा मल्याळम ‘मायामोहिनी’चा रिमेक. शरण हा चपळ, मेहनती नट. पण चित्रपट त्याच्या साडीवर आणि लचकण्यावरच विसंबतो. पुरुष बाईसारखा दिसतो, एवढ्यावरच हशा मागितला जातो, आणि बाईपणाचीच थट्टा होते.

रिमेकच्या या ओढीमागे एक व्यावहारिक कारण होतं. कर्नाटकात अनेक दशकं डबिंगला चित्रपटसृष्टीचा अलिखित मज्जाव होता. त्यामुळे परभाषेतली चांगली कथा कन्नडमध्ये आणायची, तर ती नव्याने चित्रित करणं भाग होतं. २०१५ साली स्पर्धा आयोगाने या मज्जावाविरुद्ध निर्णय दिला. आता मूळ चित्रपट मोबाइलवरच मिळतो. आयती गोष्ट पुन्हा सांगण्याचं प्रयोजन संपलं आहे.

मार्ग कोणता, हे ऋषभ शेट्टींच्या २०१८च्या कासरगोडच्या शाळेवरच्या चित्रपटाने दाखवून दिलं. केरळच्या हद्दीतली कन्नड शाळा बंद पडू नये म्हणून धडपडणारी मंडळी म्हैसूरला मदत मागायला जातात आणि नामसाधर्म्यामुळे भलत्याच गृहस्थाला गाठतात. तो गृहस्थ पुन्हा अनंत नागच. चुकलेल्या ओळखीतून हशा उसळतो, आणि तोच प्रसंग मुलांच्या मातृभाषेचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी शाळांना कुलपं लागताना पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाने तो आवर्जून पाहावा.

कन्नड विनोदपटाकडे नट आहेत, भाषेची लय आहे, रंगभूमीची शिदोरी आहे. उणीव आहे ती आजच्या माणसाला सोंग घ्यायला लावणारी गरज शोधणाऱ्या लेखकांची. निर्मात्यांनी परभाषेतल्या हक्कांवर पैसे खर्च करण्याआधी आपल्या लेखकांना वेळ आणि मानधन द्यावं. ‘गणेशन मदुवे’ला वठार पुरलं होतं, आजच्या बंगळुरूत तर अशा गरजा गल्लोगल्ली आहेत.